पलीकडच्या बाजूची छाटणी

मी, खाली सही करणारी, वय अडुसष्ट, तयार कपड्यांच्या कारखान्यातून निवृत्त झालेली कटर, यजमान हयात नाहीत, अपत्य नाही, आज रविवारी सकाळी माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून माझ्या पश्चात कोणाला काय द्यावे हे स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. याआधी मी असे काही लिहिलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखे मागचे काही नाही. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. चाळीस थर कापडातून एकाच वेळी बाह्या कशा काढायच्या, हे मला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येईल.

मी कोणाच्याही दडपणाखाली लिहीत नाही. हे वाक्य घालावेच लागते, असे समोरच्या घरातले शिक्केवाले म्हणाले. ते कोर्टात कारकून होते. कागदावर शिक्का दिसल्याशिवाय त्यांचा कशावर विश्वास बसत नाही, म्हणून गल्लीने त्यांना हे नाव दिले. मी त्यांना विचारले, "भीती हे दडपण धरायचं का?" ते बराच वेळ चष्मा पुसत बसले आणि मग चहा चांगला झालाय म्हणाले. म्हणून मीच स्पष्ट लिहिते. अक्षर हललेले दिसेल, ते भीतीने हलले आहे. बुधवारी सकाळी माझ्या पोटातली गाठ काढणार आहेत आणि मी फार घाबरले आहे. हे ऑपरेशन मी तीनदा पुढे ढकलले. चौथ्यांदा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता ढकलायला जागा नाही, आजी." यजमानांना नेले होते ते हेच इस्पितळ आणि हेच हिरवे दार. ते त्या दारातून आत गेले ते बोलते-चालते. बाहेर आले नाहीत.

शिक्केवाल्यांनी दोन नियम सांगितले. दोन साक्षीदार हवेत आणि दोघांनी माझ्यादेखत सही करायला हवी. आणि साक्षीदाराला या कागदातून एक टाचणीसुद्धा मिळत नाही. "ज्याला द्यायचं त्यालाच साक्षीला बसवलंत तर त्याच्यापुरतं कलम गेलं समजा," ते म्हणाले. त्यामुळे साक्षीला ते स्वतः आणि कोपऱ्यावरचा औषधवाला, मंगळवारी चार वाजता. या दोघांना मी काही देणार नव्हतेच.

कलम १. घराचा माझा अर्धा भाग आणि बँकेत जे असेल ते माझ्या भाचीला, म्हणजे ताईच्या मुलीला द्यावे. ती दुसऱ्या शहरात असते. मी तिला दहावीपर्यंतचे सगळे फ्रॉक शिवले, आणि गेली नऊ वर्षे तिच्याशी फक्त रस्त्यात बोलले. त्यात तिची काही चूक नाही.

कलम २. कापडाची मोठी कात्री भाचीलाच. अंगठ्याच्या कडीवर जी चिंधी गुंडाळली आहे ती काढू नये, ती माझ्या अंगठ्याच्या मापाची आहे आणि तिचा अंगठा माझ्यासारखाच आहे.

कलम ३. कारखान्यातल्या सुपरवायझरला काहीही देऊ नये. पहिल्या दिवशी सगळ्या हॉलसमोर ते म्हणाले होते, "बाईमाणसाला कटिंग झेपणार नाही, हिला काजं-बटणांवर बसवा." मी त्या टेबलावर एकतीस वर्षे उभी राहिले. एकदा चुकले, तेव्हा त्यांनीच मला नमुना उलटा दिला होता आणि नंतर नाही म्हणाले. ते अजून असतील तर कोणी त्या बाजूला जात असल्यास माझा नमस्कार कळवावा. मुद्दाम जाऊ नये.

कलम ४. मागचे अंगण, मांडव आणि द्राक्षाची वेल ताईला द्यावी.

हे कलम लांबणार आहे. शिक्केवाले म्हणाले, कलम एका वाक्यात बसवा. बसत नाही.

ताई म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण. बाबांनी या घराचे दोन भाग केले, एक तिला, एक मला. अंगणात मध्ये भिंत घातली. वेलीचे खोड माझ्याकडे आले आणि तिचे आडवे फाटे निम्मे ताईकडे गेले होते. बाबांनी भिंतीला छातीइतक्या उंचीवर पाटाएवढे भोक ठेवले आणि मधला जाड फाटा त्यातून पलीकडे काढला. छाटणीची रीतही त्यांचीच. थंडी सरत आली की मुळाकडच्या घराने आधी छाटायचे, दुसऱ्या दिवशी पलीकडच्याने. एका दिवसात दोघांनी छाटायचे नाही, नाहीतर कोणाच्या घाईने कोण चुकतो ते कळत नाही, असे ते म्हणत.

ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी आहे. तिच्यानंतर भाचीने छाटावे, म्हणून लिहून ठेवते. पाने गळालेली असताना, कळ्या फुगायच्या आत छाटावे. गेल्या वर्षीची काडी तपकिरी आणि गुळगुळीत असते, फळ तिच्याच डोळ्यांतून, म्हणजे कोंब फुटायच्या जागांतून येते. प्रत्येक काडीवर खालचे दोन डोळे ठेवावेत, वरचे सगळे काढावे. वरच्या डोळ्याच्या बोटभर वर कापावे आणि काप तिरका घ्यावा, उतार डोळ्याच्या उलट्या बाजूला, म्हणजे पाणी डोळ्यावर येत नाही. दहातल्या नऊ काड्या खाली पडलेल्या दिसतील. तेव्हा घाबरू नये. यजमान गेले त्याच्या पुढच्या वर्षी मी घाबरून निम्म्या काड्या ठेवल्या. नुसता पाला झाला, आणि जी काय द्राक्षे आली ती इतकी आंबट की मुंग्यासुद्धा फिरकल्या नाहीत.

आता जे लिहायला मला नऊ वर्षे लागली ते लिहिते.

नऊ वर्षांपूर्वी थंडी संपता संपता यजमान इस्पितळात होते. वेल कोणी छाटली नाही. भावोजींनी, म्हणजे ताईच्या यजमानांनी, फार उशिरा कात्री घेतली. वरचे डोळे फुटून पोपटी झाले होते तेव्हा. त्यांनी दोन्ही बाजू छाटल्या. मी कपडे न्यायला घरी आले तर छाटलेल्या प्रत्येक टोकातून पाणी ठिबकत होते. पायरी ओली, माझे केस ओले. मी आयुष्यात तसे पाहिले नव्हते. मला वाटले वेल मरते आहे. मी मेणबत्ती वितळवून टोकांवर ओतली, कारखान्यातून आणलेल्या चिंध्यांच्या पट्ट्या बांधल्या. दुसऱ्या दिवशी मेण गळून पडले आणि पट्ट्या भिजून लोंबायला लागल्या. तिसऱ्या दिवशी यजमान गेले.

लोक जमले होते. ताई माझ्या पाठीवर हात ठेवून उभी होती. मी तो हात झटकला आणि सगळ्यांसमोर तिला म्हणाले, "तुझ्या नवऱ्याच्या हाताने आजवर काही जगलंय का?"

ताईचे पहिले बाळ अकरा दिवसांचे होऊन गेले होते. भावोजींच्या हातातच गेले होते. हे मला माहीत होते. रागात तोंडून निघून गेले असे मी आजवर स्वतःला सांगत आले. ते खोटे आहे. तिला सर्वांत जास्त लागेल असे तेव्हा जे सापडले ते मी मुद्दाम उचलले. भावोजी तिथेच उभे होते. ते चपला घालून घरी गेले.

छाटणीनंतर दहा दिवसांनी कडाक्याची थंडी पडून दहिवर गोठले. आमच्या भागातल्या सगळ्या वेलींचे कोंब एका पहाटेत जळून काळे झाले. आमच्या वेलीचे खालचे डोळे, उशिरा छाटल्यामुळे, अजून झोपलेले होते. उन्हाळा सरता सरता फक्त आमच्या मांडवाला घड लागले. रोपवाटिकेतल्या माळ्याला मी विचारले तेव्हा तो हसला. "उशिरा छाटली की गळणारच, बाई. वेल मरत नाही त्यानं. कुणीतरी जाणून थांबलं होतं, म्हणून वाचली तुमची." म्हणजे मला पाच महिन्यांत सगळे कळले होते. मी ती द्राक्षे खाल्ली आणि गप्प बसले. उद्या जाईन, परवा जाईन, असे करत चार वर्षांपूर्वी भावोजी गेले. तेव्हाही मी खिडकीत उभी राहिले, दार उघडले नाही. कोणत्या तोंडाने जाणार होते?

ताई, मी तुझी माफी मागते. भावोजींचीही, पण ती आता पोहोचत नाही.

या नऊ वर्षांत आम्ही बोललो नाही, पण रीत मोडली नाही. मी माझी बाजू छाटायची आणि दुसऱ्या दिवशी पलीकडून कात्रीचा आवाज यायचा. भोकातला मधला फाटा कोणाचा ते ठरले नव्हते, म्हणून त्यावरचे घड दोघीही तोडत नव्हतो. ते पाखरांनी खाल्ले.

आज दुपारी हे लिहिणे थांबवून मी माझी बाजू छाटली. पोट दुखत होते. दोन काड्या कापायच्या आणि शिडी धरून उभे राहायचे, असे करत संध्याकाळ झाली. उद्या ताई छाटेल.

सोमवार. आवाज आला नाही.

मी सकाळपासून मागच्या दारात खुर्ची टाकून बसले. अकरा वाजले, दोन वाजले. मी भोकातून पाहिले. पलीकडे गेल्या वर्षीच्या काड्या तशाच लोंबत होत्या. दोरीवर निळा टॉवेल होता. तो शनिवारीही तिथेच होता. ताई दोरीवर कपडा वाळल्यावर तासभरही ठेवत नाही, लहानपणी मला त्यावरून कितीदा बोलणी खावी लागली आहेत. हाक मारायला तोंड उघडले तर "ताई" हा शब्द बाहेर येईना. नऊ वर्षे तो वापरलेला नव्हता.

शिक्केवाल्यांकडे गेले. ते म्हणाले, चार दिवसांत त्यांनाही ती दिसलेली नाही. मग कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "तुमच्या चौथ्या कलमात एक दुरुस्ती हवी. ती हयात नसल्यास, असं घालून पुढे कोणाला ते लिहा. पद्धत आहे तशी."

मी घरी आले. ते तीन शब्द लिहायला तीनदा पेन उचलले. लिहिले नाहीत. हे कलम अपुरे आहे असे कोणी म्हणाले तर म्हणू दे. मला आजवर बुधवारची भीती होती, कालपर्यंत तिच्याहून मोठी भीती माहीत नव्हती. मी तिच्या दारापर्यंत गेले आणि परत आले. बेल दाबली आणि दार उघडलेच नाही तर काय करायचे, हे मला कळेना. त्याहून घरी बसून घाबरणे सोपे वाटले. असेच ऑपरेशनही तीनदा ढकलले होते. हे मी स्वतःबद्दल चांगले लिहीत नाही, पण बुद्धी ठिकाणावर असल्याचा पुरावा म्हणून राहू द्यावे.

मंगळवार. सकाळी उठून पाहिले तर माझ्या बाजूच्या दोन टोकांवर पाणी आले होते. वेल जागी झाली होती. आता थांबायला वेळ नव्हता. मी छाटणीची कात्री घेतली आणि निघाले. कात्री का घेतली ते सांगता येणार नाही, रिकाम्या हाताने जाववले नाही. बेल दाबली आणि मनात आकडे मोजायला लागले. एकोणीस झाले तेव्हा आत पावले वाजली.

ताईने दार उघडले. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता. केस विंचरलेले नव्हते.

"आलीस?" ती म्हणाली.

"टॉवेल का नाही काढलास?" मी म्हणाले. नऊ वर्षांनी मला हेच सुचले.

"एका हाताने चिमटे निघत नाहीत. शुक्रवारी न्हाणीत घसरले." मग तिने माझ्या तोंडाकडे नीट पाहिले. "तुला काय झालंय?"

"मला कुठे काय?"

"खोटं बोलू नकोस. रविवारी मी भिंतीला पाठ लावून बसले होते. तुझी कात्री ऐकत होते. दोन काप आणि थांबायचीस. तुझी कात्री कधी थांबत नाही गं. अंधार होईस्तोवर ऐकलं मी. मला वाटलं, ही पडणार शिडीवरून."

"मग हाक का नाही मारलीस?"

"तू मारलीस?"

मी तिथेच उंबऱ्यावर बसले आणि रडले. तिला गाठीचे सांगितले, बुधवारचे सांगितले, हिरव्या दाराचे सांगितले. तिने एका हाताने मला उठवायचा प्रयत्न केला आणि ते जमेना म्हणून तीही शेजारी बसली. रस्त्याने जाणारा एक माणूस आमच्याकडे पाहून सायकलवरून उतरला आणि सगळे ठीक आहे ना विचारून गेला.

माफी मला तोंडाने मागता येईना. मी घरून हे कागद आणले आणि तिला चौथे कलम वाचायला दिले. तिने मांडवाखाली उभे राहून वाचले. तोपर्यंत मी तिची बाजू छाटायला घेतली, कारण नुसते उभे राहणे अशक्य होते. एक पान झाले, ती थांबली. माझीही कात्री थांबली.

"बाळाचं लिहिलंयस," ती म्हणाली.

"खोडू का?"

"नको. असू दे." तिने डाव्या हाताने नाक पुसले. "ह्यांना माहीत होतं. माळ्याने ह्यांना सांगितलं होतं की तू विचारून गेलीस म्हणून. म्हणायचे, येईल ती. तिला वेळ लागतो." मग लगेच माझ्या हाताकडे पाहून ओरडली, "अगं तिसरा डोळा कशाला ठेवतेस? दोन म्हणजे दोन!"

तिची बाजू दुपारी दीडला संपली. ती खालून बोलत होती, मी वरून कापत होते. पोट दुखत होतेच. मध्ये दोनदा तिने मला खुर्चीत बसवले. खाली काड्यांचा ढीग गुडघ्याएवढा झाला. उरला भोकातला मधला फाटा. त्याला कात्री लावायला गेले तर ती म्हणाली, "तो ठेव."

"उशीर होईल. पाणी गळेल."

"गळू दे. तो तू परत आल्यावर."

चार वाजता तिच्याच स्वयंपाकघरात शिक्केवाले आले, पाठोपाठ औषधवाला दुकानाच्या किल्ल्या वाजवत आला. शिक्केवाल्यांनी सगळे कलमवार मोठ्याने वाचले. सुपरवायझरच्या जागी ते हसले आणि मग घसा खाकरून गंभीर झाले. मी सही केली. शिक्केवाल्यांनी केली. औषधवाल्याने पेन उचलले, तेवढ्यात ताईने ते त्याच्या हातातून काढून घेतले.

"बाई, तुम्हाला नाही चालणार," शिक्केवाले म्हणाले. "सही केलीत तर तुमचं चौथं कलम गेलं. वेल, मांडव, अंगण, काही मिळणार नाही. ते सगळं घराबरोबर तुमच्या मुलीकडे जाईल."

"समजतंय मला. म्हणूनच करते." ती माझ्याकडे वळली. आवाज चढलेला होता, लहानपणी मी शाळेत जायला रडायचे तेव्हा चढायचा तसा. "तू गेलीस की मला काहीतरी मिळणार, असला कागद मला घरात नको. वेल तुझी आहे. पुढच्या वर्षी येऊन छाट. माझा हात तोवर बरा झालेला असला, तरी माझ्याही बाजूची तूच छाट."

"आणि माफी?" मी शिक्केवाल्यांना विचारले. "तीही गेली का?"

त्यांनी पुन्हा चष्मा पुसला. "माफी ही मिळकत नाही," ते म्हणाले. "ती त्यांच्याकडेच राहील."

औषधवाल्याला फुकट हेलपाटा पडला, त्याला चहा दिला. चौथे कलम आम्ही खोडलेले नाही. ताईच्या सहीने ते आपोआप जाते आणि तरीही तसेच राहू द्यावे, अशी आम्हा दोघींची इच्छा आहे.

कलम ५. वरचा मजकूर आणि हे कलम शिक्केवाल्यांनी ताईची सही होण्याआधी सगळ्यांना थांबवून माझ्याकडून लिहून घेतले, आणि आता तिघांच्या सह्या अगदी शेवटी नव्याने घेत आहेत. मी परत आले नाही तर मधला फाटा ताईने सांगितल्याप्रमाणे भाचीने छाटावा. पाणी गळेल, पट्ट्या बांधू नयेत. त्यावरचे घड पाखरांसाठी ठेवू नयेत. दोघींनी तोडून खावेत.

बुधवारी सकाळी साडेसहाला रिक्षा सांगितली आहे, दोन माणसांची. ताई हिरव्या दाराबाहेर बसणार आहे. मी अजून घाबरलेलीच आहे, हेही नोंदवते. मी तिला तसे म्हणाले तर ती म्हणाली, "मीपण. म्हणून तर येतेय."

ठिकाण: ताईचे स्वयंपाकघर, भिंतीच्या पलीकडे.
दिनांक: मंगळवार, वेलीला पाणी आले तो पहिला दिवस.

मृत्युपत्र करणारी: (सही) धाकटी, निवृत्त कटर.

साक्षीदार पहिला: (सही) निवृत्त कोर्ट कारकून, समोरचे घर. वाचून दाखवले, बरोबर आहे. शिक्का नाही याची खंत आहे.

साक्षीदार दुसरी: (सही, डाव्या हाताने, अक्षर वाकडे आहे) मोठी बहीण. यातून मला काही मिळणार नाही हे समजून, स्वखुशीने.